ताई की दादा हे झाले. आता वस्तीच्या पैशाचे बोलू या

मतदानाचा दिवस आला की काटेवाडीला जत्रेचे रूप येते. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. एरवी त्याची ओळख उसाची आणि आषाढी वारीची. संत तुकाराम महाराजांची पालखी येथे येते तेव्हा परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचे रिंगण होते, आणि ते बघायला सारी पंचक्रोशी लोटते. निवडणुकीची गर्दी मात्र वेगळी असते. ती कॅमेऱ्यांची गर्दी. कारण हे पवार कुटुंबाचे गाव.

७ मे २०२४ रोजी बारामती लोकसभा मतदारसंघात मतदान झाले. लढत घरातलीच होती. सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार, म्हणजे नणंद-भावजय समोरासमोर. अजित पवारांनी आई आणि पत्नीसह काटेवाडीत मतदान केले. त्याच दिवशी सुप्रिया सुळे काटेवाडीच्या घरी जाऊन काकींना भेटून आल्या. मग काय विचारता! दिवसभर टीव्हीवर एकच विषय : या भेटीचा अर्थ काय? घराघरांत, चहाच्या टपरीवर, उसाच्या फडात तीच चर्चा.

निकाल लागला. सुप्रिया सुळे दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या, आणि खुद्द बारामती विधानसभा क्षेत्रातही त्यांनाच आघाडी मिळाली. पुढे सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबर २०२४ रोजी, विधानसभेचे मतदान झाले. त्याच बारामतीने अजित पवारांना त्यांचे पुतणे युगेंद्र पवार यांच्यापेक्षा एक लाखाहून अधिक मते दिली. लोकसभेला ताई आणि विधानसभेला दादा, असे लोक आधीपासून बोलत होते. बोलले तसे त्यांनी केले.

शहरातले काही शहाणे याला हसले. पण यात हसण्यासारखे काय आहे? दिल्लीला कोण आणि मुंबईला कोण, हा हिशेब मतदाराने स्वतः केला. ज्याला अडाणी म्हणतात त्याने एका हाताने एक आणि दुसऱ्या हाताने दुसरे काम केले. मतदार विचार करतो, याचा हा पुरावाच आहे.

प्रश्न वेगळा आहे. आपल्या वस्त्यांवर राजकारणाची चर्चा कमी होते असे कोणी म्हणू शकणार नाही. पोराटोरांना सुद्धा कोण कुठल्या गटात आहे ते तोंडपाठ असते. पण ही चर्चा ‘कोण’ या शब्दापाशी थांबते. ‘किती’ आणि ‘कुठल्या पैशातून’ हे शब्द आपल्या तोंडी क्वचितच येतात. ते आले की काय होते, हे मी एका संध्याकाळी पाहिले. तीच हकिगत आज सांगायची आहे.

विहाराच्या ओट्यावर

१२ मे २०२५. बुद्ध पौर्णिमा. काटेवाडीहून सायकलने जाता येईल अशा एका वस्तीवर माझी आत्या राहते. संध्याकाळी विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली. लहान पोरे पांगली आणि ओट्यावर नेहमीची बैठक जमली. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले तात्या, एमआयडीसीत कंत्राटावर जाणारी दोन पोरे, खुरपणीला जाणाऱ्या तीन-चार बाया, आत्या, आणि सुट्टीला आलेली आत्याची नात. ही मुलगी पुण्यात नर्सिंग शिकते.

तात्यांनीच विषय काढला. “आता झेडपी लागणार. कोर्टानं सांगितलंय.”

खरे होते. ६ मे रोजीच सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील रखडलेल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत घ्याव्यात असा आदेश दिला होता. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. तेव्हापासून तेथे लोकांनी निवडून दिलेला एकही सदस्य नव्हता, सारा कारभार प्रशासकाकडे होता.

“तात्या, झेडपीला दोन्ही पवार एक होत्याल का?” एका पोराने विचारले.

झाले! अर्धा तास त्यातच गेला. कोण कोणाच्या लग्नात दिसला, कोणी कोणाला नमस्कार केला, कोणाचे तिकीट कापले जाणार. ऐकायला मजा येत होती, हे मी नाकारत नाही. मधेच नात म्हणाली,

“आज्जी, तुझ्या पासबुकात पंधराशे येतात ते कुठून येतात, ठाऊक आहे का?”

“सरकार देतं.”

“सरकारच्या कुठल्या पेटीतून?”

आत्याला प्रश्न कळला नाही. मग मुलीने त्या आठवड्यात वर्तमानपत्रात आलेली बातमी सांगितली. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या एप्रिलच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये वळवण्यात आले होते. सामाजिक न्याय खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनी स्वतःच त्यावर उघड नाराजी व्यक्त केली होती. सामाजिक न्याय विभाग म्हणजे आपले खाते. शिष्यवृत्ती, वसतिगृहे, वस्तीतले रस्ते-गटारे, रमाई घरकुल, हे सगळे त्याच पेटीतले.

आत्याचा चेहरा उतरला. मग एकदम चिडून ती म्हणाली, “म्हंजे मी तुझ्या शिक्षणाचं पैसं खाल्लं, असं म्हणतीस का?”

ओट्यावर कोणी बोलेना. कारण तेथे बसलेल्या सर्वांना एक गोष्ट माहीत होती. त्या वर्षी मुलीच्या सरकारी मदतीचा हप्ता वेळेवर आला नव्हता. पुण्यातल्या खोलीत कॉटचे भाडे थकले होते. तेव्हा आत्याने स्वतःच्या पंधराशेतले हजार रुपये दर महिन्याला नातीला पाठवले होते. आजी आपल्याला मदत करते आहे असे नातीला वाटत होते. आपण नातीला मदत करतो आहोत असे आजीला वाटत होते. आणि आता कळत होते की नातीच्या पेटीतून काढलेलाच पैसा आजीच्या हातून फिरून, थोडा कमी होऊन, नातीकडे येत असावा.

तात्या हळूच म्हणाले, “बाई, तुमचं काय चुकलं त्यात? तुम्ही कुठं पेटी फोडली?”

गल्ल्यातल्या पैशांची गोष्ट

तात्यांचे बरोबर होते, आणि ते आधी स्पष्ट सांगायला हवे. कारण आपल्यातलेच काही सुशिक्षित बंधू भाषणात म्हणतात की आमच्या बाया पंधराशेला विकल्या गेल्या. हे बोलणे चुकीचे आहे, आणि क्रूरही आहे. ही योजना २८ जून २०२४ रोजी अर्थसंकल्पात जाहीर झाली. वर्षाला अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या, २१ ते ६५ वयाच्या बाईला महिना १,५०० रुपये. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपे चालवले, तिच्या नावावर पहिल्यांदा दर महिन्याला काही जमा होऊ लागले. नवऱ्यापुढे हात न पसरता तिने औषध आणले, पोराची वही आणली, नातीचे भाडे भरले. तो तिचा हक्क आहे. घेणारी बाई चुकत नाही.

योजना जाहीर झाली आणि पाच महिन्यांत विधानसभेचे मतदान आले. प्रचारात महायुतीने ही रक्कम २,१०० रुपये करण्याचे आश्वासन दिले. मे महिन्यात संविधानाचा विषय गाजला होता, नोव्हेंबरमध्ये पंधराशेचा गाजला. लोकसभेला महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी ३० जागा महाविकास आघाडीला गेल्या होत्या. विधानसभेला महायुतीला २३० हून अधिक जागा मिळाल्या. योजना देऊन मते मागणे हा काही गुन्हा नव्हे. राज्यकर्ता काही करतो आणि त्यावर मत मागतो, लोकशाही अशीच चालते. पण मत देणाऱ्यानेही विचारले पाहिजे की हे देणार कुठून?

सरकारच्या बाजूने उत्तर आले ते असे : पळवापळवी काहीच नाही. तरतूद अर्थसंकल्पातच आहे. या योजनेत अनुसूचित जातीच्या बहिणीही आहेत. त्यांच्या वाट्याचा खर्च त्यांच्या निधीतून केला, तर बिघडले कुठे?

वरवर पाहता बिनतोड वाटते. आता घरातले उदाहरण घ्या. तुम्ही मुलीच्या फीसाठी वेगळ्या डब्यात पैसे साठवले आहेत. एके दिवशी घरातला कर्ता तो डबा उघडतो आणि घराचा किराणा भरतो. मुलगी विचारते, माझी फी? तो म्हणतो, अगं, त्या किराण्यातली भाकरी तूही खाल्लीस ना? मग तुझ्यावरच खर्च झाला!

भाकरी सर्वांचीच असते. तिच्यासाठी घराचा सामाईक पैसा असतो. इतर समाजाच्या बहिणींना पंधराशे सामाईक तिजोरीतून मिळाले आणि आपल्या बहिणींना आपल्याच डब्यातून, तर आपल्याला जादा काय मिळाले? डबा मात्र रिकामा झाला.

हा डबा कोणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही. १९७९-८० साली, सहाव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, ‘विशेष घटक योजना’ सुरू झाली. कारण साधे होते. सर्वांसाठी म्हणून खर्च होणारा पैसा आपल्या वस्तीपर्यंत पोहोचतच नव्हता. गावात नळ आला तरी वस्तीत येत नव्हता, डांबर वेशीपाशीच संपत होते. म्हणून ठरले की अनुसूचित जातींचे लोकसंख्येत जेवढे प्रमाण, तेवढा योजनांचा पैसा वेगळा काढायचा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात हे प्रमाण ११.८ टक्के आहे. म्हणजे शंभर रुपयांतले जवळजवळ बारा. हा पैसा दुसरीकडे वळवू नये आणि न खर्चता बुडू देऊ नये, असे नियोजन आयोगाचे मार्गदर्शक धोरण होते.

पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. धोरण मोडले तर कोणाला शिक्षा होत नाही. म्हणून आंध्र प्रदेशाने आणि कर्नाटकाने २०१३ साली या निधीसाठी स्वतंत्र कायदा केला. असाच कायदा महाराष्ट्रातही व्हावा ही मागणी आपल्याकडच्या संघटना वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत. प्रचाराच्या किती सभांत आपण ती मागणी ऐकली? आणि खरे सांगायचे तर, आपल्यापैकी किती जणांनी ती उमेदवारासमोर मांडली?

पुढच्या महिन्यांतही निधी वळवण्याचा प्रकार थांबला नाही. ओरड झाली आणि विरली. १० मार्च २०२५ रोजी अर्थसंकल्प मांडला गेला, त्यात लाडकी बहीण योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवले गेले, तेव्हाच आपण विचारले असते की यातले किती कोणत्या खात्यातून येणार, तर मे महिन्यात धक्का बसला नसता. पण अर्थसंकल्पाच्या दिवशी आपण टीव्हीवर काय बघतो? काय महागले आणि काय स्वस्त झाले, एवढेच.

बाबासाहेबांचे पहिले भाषण

येथे एक गोष्ट आठवण करून देण्यासारखी आहे. बाबासाहेब मुंबई विधिमंडळात गेले तेव्हा त्यांनी पहिले भाषण कशावर केले? २४ फेब्रुवारी १९२७ रोजी, अर्थसंकल्पावर! सरकार पैसा कोणाकडून घेते आणि कोणासाठी खर्च करते, हाच त्यांचा सवाल होता. नवल नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती हा त्यांच्या प्रबंधाचाच विषय. आपण बाबासाहेबांच्या हातातले पुस्तक पाहतो, पण त्यांच्या टेबलावर सरकारी जमाखर्चाच्या वह्याही होत्या हे विसरतो. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी पाठपुरावा केला आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज ओट्यावर बसलेली ती नर्सिंगची मुलगी त्याच झाडाच्या सावलीत शिकते आहे.

मताचा हक्क सुद्धा असा मागून, भांडून मिळालेला आहे. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. सायमन कमिशनच्या वेळी प्रौढ मताधिकार मागितला. ज्याच्याकडे मालमत्ता आणि शिक्षण त्यालाच मत, हा तेव्हाचा रिवाज. त्यांचे म्हणणे उलटे होते. ज्याच्याकडे काही नाही त्यालाच मताची गरज जास्त, कारण समाजात एकत्र राहण्याच्या अटी ठरवण्याचा तो हक्क आहे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी याच पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगात, पुणे करार झाला आणि स्वतंत्र मतदारसंघ सोडावे लागले. १९५२ साली प्रौढ मताधिकारावर पहिली निवडणूक झाली. ज्याने तो हक्क मिळवून दिला, त्याच माणसाचा त्या निवडणुकीत मुंबईत पराभव झाला. 

एकत्र राहण्याच्या अटी! म्हणजे वस्तीतले गटार कोण बांधणार, फी कोण भरणार, घरकुलाची यादी कोण लावणार. उमेदवार हा त्या अटी मान्य करणारा किंवा मोडणारा माणूस. आपण माणसावर तासभर बोलतो आणि अटींवर पाच मिनिटेही बोलत नाही.

नामांतराचा धडा

कोणी म्हणेल, आपण मूठभर. काटेवाडीसारख्या भागात, जेथे कारखाना, बँक, दूध संघ सारे मोठ्यांच्या हाती, तेथे आपण अटी घालणारे कोण?

याचे उत्तर इतिहासात आहे, आणि त्याचा धागा या भागाशीच जुळतो. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला. तेव्हा मुख्यमंत्री होते बारामतीचे आमदार शरद पवार. ठराव झाला, पण मराठवाड्यात आपली घरे जळाली, माणसे मारली गेली, आणि अंमलबजावणी थांबली. सोळा वर्षे लोक लढले. लाँग मार्च निघाला, हजारो तुरुंगात गेले, नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी १९९३ साली आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. तेव्हाही मुख्यमंत्री शरद पवारच होते. १९९५ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाची सत्ता गेली.

या घटनेवर दोन तऱ्हांनी बोलता येते. एक, ‘साहेबांनी दिले’. दुसरी, ‘आम्ही घेतले’. पहिल्यात थोडे खरे आहे. सही करणाऱ्याला किंमत मोजावी लागली, हे नाकारू नये. पण सही करणारा माणूस १९७८ लाही तोच होता आणि १९९४ लाही तोच. मधल्या सोळा वर्षांत काय घडले? लोकांनी प्रश्न खाली पडू दिला नाही.

आणि मूठभरांचे म्हणाल तर १९९८ साल आठवा. त्या वर्षी काँग्रेसशी समझोता करून रिपब्लिकन पक्षाचे चार नेते लोकसभेत गेले : प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे. चौघेही खुल्या मतदारसंघांतून! पुढे ऐक्य फुटले, तो दुखरा भाग सर्वांना माहीत आहे. पण एकत्र येऊन आणि अटी ठरवून मत दिले तर खुल्या जागेवरही निवडून येता येते, हे त्या वर्षी सिद्ध झाले.

ग्रामसभेत काय विचारायचे?

मुंबईचे आणि दिल्लीचे दूर राहू द्या. आपल्या पायाखाली ग्रामपंचायत आहे. तेथून सुरुवात करता येते, आणि त्यासाठी निवडून यावे लागत नाही. गावाच्या मतदार यादीत नाव असले की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य. आमदार गावात वर्षातून एकदा येतो, ग्रामसभा मात्र वर्षातून चार वेळा घ्यावी लागते. बहुतेक गावांत ती १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीच्या आसपास होते. गावातले शंभर किंवा पंधरा टक्के मतदार, यांतला जो आकडा कमी तेवढी माणसे हजर असली की कोरम होतो. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याचा नियम आहे. कित्येक गावांत ती कागदावरच होते. मग आपल्या भगिनींनी जाऊन ती का भरवू नये?

विचारण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत. आम्ही ओट्यावर बसून पाचच लिहिल्या.

१. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी. मागच्या वर्षी उत्पन्न किती झाले? त्याचे १५ टक्के किती? ते कोठे खर्च झाले?

२. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकासाच्या योजनेत आपल्या वस्तीचे कोणते काम आराखड्यात घेतले आहे? हा पैसा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागामार्फत येतो. ग्रामपंचायतीने मागणीच केली नाही तर तो येईल कसा?

३. घरकुलाची प्रतीक्षा यादी कोठे लावली आहे? त्यात कोणाचा क्रमांक कितवा?

४. जिल्हा परिषदेच्या उमेदवाराला : निवडून आल्यावर समाजकल्याणाचा किती निधी आला आणि किती परत गेला, हे दरवर्षी वस्तीत येऊन सांगणार का?

५. विधानसभेच्या उमेदवाराला : अनुसूचित जातींचा निधी वळवता येणार नाही असा कायदा करण्याच्या बाजूने सभागृहात बोलणार का? हो की नाही?

तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहितीचा अधिकार आहे. २००५ चा कायदा. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाहीत. साधारणपणे तीस दिवसांत माहिती द्यावी लागते. वस्तीतल्या बारावी झालेल्या पोरांनी सहा महिन्यांत असा एकच अर्ज लिहिला तरी पुष्कळ झाले.

काटेवाडीच्याच इतिहासातले एक नाव येथे घेतले पाहिजे. शरद पवारांच्या आई शारदाबाई पवार १९३८ साली पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या. बोर्डाच्या बैठकीला त्या तान्ह्या मुलाला घेऊन गेल्याची आठवण त्यांच्या चिरंजीवांनी अनेकदा सांगितली आहे. त्या काळात खेड्यातली बाई बोर्डात बसून रस्ते, शाळा आणि पैसा यांवर बोलत होती. त्यांच्या पाठीशी घर होते, शिक्षण होते, हे खरे. पण आज आपल्या भगिनींच्या पाठीशी कायदा आहे. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. सभेत जायला कोणाची परवानगी लागत नाही.

पंधरा ऑगस्ट

ओट्यावरच्या त्या संध्याकाळी आत्या रागावून घरी गेली होती. नात दोन दिवसांनी पुण्याला परतली. जाताना आजीने तिच्या हातात नेहमीप्रमाणे हजार रुपये ठेवले. नातीने घेतले. दोघी काही बोलल्या नाहीत.

१५ ऑगस्ट २०२५ ला झेंडावंदन झाले आणि शाळेसमोर ग्रामसभा बसली. आत्या आयुष्यात पहिल्यांदा ग्रामसभेला गेली. बरोबर खुरपणीच्या टोळीतल्या सहा बाया होत्या. शेवटी बसल्या. विषय निघत होते, माना डुलत होत्या. आत्या उभी राहिली. तिच्या हातात नातीने लिहून दिलेला कागद होता, पण वाचता येत नव्हते. तिने तो पाठ केला होता.

“वस्तीच्या पंधरा टक्क्याचं गेल्या वर्षी काय झालं, तेवढं सांगा.”

थोडी कुजबुज झाली. कोणी हसले. मंचावरून उत्तर आले, “मावशी, आकडा आत्ता जवळ नाही, पुढच्या सभेत सांगतो.”

आत्या बसली नाही. म्हणाली, “मग तसं वहीत लिवा. हिनं इचारलं आणि आम्ही पुढच्या सभेत सांगतो म्हणालो, असं लिवा. माझं नाव बी लिवा.”

इतिवृत्तात ते लिहिले गेले. खाली आत्याचा अंगठा आहे. त्या सहा बायांपैकी दोघींनी सह्या केल्या, चौघींनी अंगठे दिले.

आकडा त्या दिवशी मिळाला नाही. गटार झाले नाही, नातीचा हप्ताही त्याने लवकर आला नाही. खोटी फुशारकी मारण्यात अर्थ नाही. पण संध्याकाळी आत्याने पुण्याला फोन लावला, आणि तीन महिन्यांचा अबोला मोडून पहिलेच वाक्य बोलली : “इचारलं गं बाई. वहीत लिवून घेतलंय.”

पुन्हा निवडणूक लागेल. कॅमेरे काटेवाडीला येतील. कोण कोणाला भेटले, याची चर्चा होईल आणि आपणही ती ऐकू. ऐकायला काय हरकत आहे? पण टीव्ही बंद झाल्यावर चहा संपेपर्यंतचा वेळ आपला आहे. तेवढ्यात घरातल्या सर्वांनी मिळून एकच प्रश्न ठरवावा, आणि जो कोणी मत मागायला दारात येईल त्याला तो विचारावा. तो काय म्हणाला ते मुलीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावे. पाच वर्षांनी तोच माणूस पुन्हा येईल, तेव्हा वही उघडावी.

जयभीम!